तंजावूरची नाणी आणि स्वच्छतेचा विवेक

पहिल्या राजराज चोळाने (इ.स. ९८५ ते १०१४) तंजावूरच्या बृहदीश्वराला अर्पण केलेल्या सोन्याची व दागिन्यांची जी नोंद मंदिराच्या दगडावर कोरलेली आहे, तीत सोने ‘आडवल्लान’ नावाच्या आणि दागिने ‘दक्षिणमेरुविटंकन’ नावाच्या प्रमाण-वजनाने तोलल्याचा उल्लेख पुनःपुन्हा येतो. वजन हाच ज्या व्यवहाराचा कणा होता, त्यात नाण्याचा धातू घटवणे ही उघड चोरी ठरत असे, मग तो कानशीने घटवलेला असो की आम्लाने. पुढे नाणे चलनातून गेले आणि संग्राहकाच्या पेटीत आले, तेव्हा हा धाक संपला. किंमत चकाकीवर ठरू लागली आणि जे काम पूर्वी लपूनछपून होत असे ते कौतुकाने होऊ लागले.

या कौतुकामागे एक जुना आणि चांगला संस्कारही आहे. देव, समया व तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासून लख्ख ठेवणे हा कावेरीच्या मुखप्रदेशातील तमिळ घरांचा परिपाठ होता, तसाच १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तिथे भोसल्यांची गादी स्थापल्यानंतर स्थायिक झालेल्या मराठी घरांचाही होता. रोज वापरात असलेल्या धातूला तो मानवतो, कारण समई पुढच्या सणाला पुन्हा घासली जाणारच असते; शतकानुशतके मातीत पडून राहिलेल्या नाण्याला मात्र तो घातक ठरतो. चिंचेतील टार्टारिक आम्ल तांब्यावरचे ऑक्साइड व कार्बोनेट यांचे थर विरघळवते आणि सोबतीला मीठ असेल तर त्यातील क्लोराइड नाण्याच्या सूक्ष्म छिद्रांत शिरते. हवेतील ओलाव्याशी व प्राणवायूशी संयोग होऊन या क्लोराइडपासून फिकट हिरवी, भुसभुशीत भुकटी तयार होते, त्या प्रक्रियेत हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते आणि ते आतले तांबे खाऊन तेच चक्र पुन्हा चालू करते. जतनशास्त्रात यालाच ‘ब्राँझ रोग’ म्हणतात. समुद्र जवळ असलेल्या दमट तंजावूरात घासून चकचकीत केलेले नाणे काही महिन्यांत हिरव्या ठिपक्यांनी भरले, तर दोष हवेपेक्षा घासणाऱ्याचाच अधिक असतो.

नुकसान नेमके कुठे होते, हे राजराजाच्या तांब्याच्या कासूवर दिसते. जेमतेम तीन-चार ग्रॅमच्या या नाण्याच्या एका बाजूस उभी व दुसऱ्या बाजूस बैठी मानवाकृती असून, बैठ्या आकृतीच्या हातालगत नागरी लिपीत ‘श्रीराजराज’ ही अक्षरे आहेत. आकृती ठसठशीत आहेत, पण अक्षरांचा उठाव इतका बेताचा की कित्येकदा ती तांब्यावर जमलेल्या घट्ट, गुळगुळीत थरातच, म्हणजे ‘पॅटिना’मध्येच, शाबूत राहिलेली असतात. हाच ठसा पुढे सिंहलद्वीपातील पोलोन्नरुवाच्या राजांनी उचलला आणि पराक्रमबाहू, लीलावती अशी नावे त्याच जागी नागरीतच घातली. परिणामी अक्षरे गेली की नाणे चोळांचे की सिंहली राजांचे, हे सांगणारा मुख्य साक्षीदारच जातो. आकृती तेवढ्या उठून दिसाव्यात म्हणून आम्लात बुडवलेला कासू पेटीत शोभतो खरा, पण इतिहासाच्या दृष्टीने तो मुका झालेला असतो.

सोन्याच्या बाबतीत फसवणूक अधिक सूक्ष्म आहे. दक्षिणेत शतकानुशतके चाललेले ‘पणम’ हे सुमारे एक तृतीयांश ग्रॅमचे इवलेसे नाणे बऱ्याचदा हिणकस सोन्याचे असे. असे नाणे आम्लाने धुतले की पृष्ठभागावरचे तांबे विरघळते आणि वर सोन्याचे प्रमाण वाढते. वरवरची तपासणी मग मूळ कसापेक्षा चढा कस दाखवते आणि एखाद्या राज्याच्या आर्थिक ओढाताणीचा पुरावा त्या धुण्यातच वाहून जातो.

डाग आणि व्रण हेही पुरावेच असतात. तंजावूरला लागून असलेल्या पुदुकोट्टै संस्थानात १८९८ मध्ये रोमन सोन्याच्या ५०१ नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील बहुतेक नाण्यांवर सम्राटाच्या मस्तकावर छिन्नीचा घाव घातलेला आहे. हे घाव नाणे चलनातून बाद करण्यासाठी होते की अन्य हेतूने, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. घाव बुजवून ‘सुधारलेल्या’ नाण्यांवर तो वाद घालताच आला नसता. सराफांनी कस पाहताना उमटवलेल्या बारीक ठशांचेही तेच.

वैज्ञानिक जतनाची वाटचालही निर्दोष नव्हती. फ्रीड्रिश राथगेन यांच्या देखरेखीखाली १८८८ मध्ये बर्लिनच्या संग्रहालयांसाठी रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली आणि १९३० मध्ये मद्रासच्या शासकीय संग्रहालयात एस. परमशिवन यांच्याकडे तशाच कामाची सूत्रे आली. तिथे गंजलेल्या ब्राँझ मूर्तींवर विद्युत्‌विघटनाची पद्धत वापरली गेली, म्हणजे वस्तू क्षारद्रावणात बुडवून मंद वीजप्रवाहाने तिच्यावरचा गंज उतरवला गेला. रोग थांबवण्यास ती समर्थ होती, परंतु गंजासोबत त्यात जपला गेलेला तपशीलही उतरत असे. नाण्यांच्या बाबतीत हा तपशील कधी कधी अमोल असतो, कारण कुजून गेलेल्या थैलीच्या कापडाची वीण केवळ गंजातच उमटलेली राहते.

याच परमशिवन यांनी बृहदीश्वराच्या गर्भगृहाभोवतीच्या भित्तिचित्रांचा रासायनिक अभ्यास केला. १९३१ मध्ये एस. के. गोविंदस्वामी यांना तिथे नायककालीन चित्रांच्या थराखाली चोळकालीन चित्रे आढळली होती. खालचे मौल्यवान म्हणून वरचे खरवडून टाकणे सोपे होते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी पुढे वरचा थर अलगद सोडवून फायबरग्लासच्या फलकांवर बसवला आणि दोन्ही काळ राखले. नाण्याच्या बाबतीत अशी सोय नाही, कारण त्याचा विरघळलेला थर कोणत्याही फलकावर बसवता येत नाही. म्हणून तिथे संयमाची मर्यादा अधिक कडक असली पाहिजे. सैल माती ऊर्ध्वपातित पाण्याने व मऊ कुंचल्याने काढावी, ब्राँझ रोग दिसल्यास नाणे कोरड्या हवेत वेगळे ठेवून तज्ज्ञाकडे द्यावे, स्थिर थराला हात लावू नये आणि कोणतीही प्रक्रिया झालीच असेल तर ती आधीच्या छायाचित्रासह लिहून ठेवावी. ती न सांगता नाणे विकणाऱ्याला संग्राहक म्हणणे कठीण आहे.

शेत नांगरताना वा पाया खणताना नाण्यांचे मडके हाती लागले, तर प्रश्न केवळ विवेकाचा राहत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीच्या अशा ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक आहे. ती देताना मडके, त्यातील माती आणि एकमेकांना चिकटलेली नाणी न धुता, न सोडवता, जशीच्या तशी स्वाधीन करावीत.