वर्तुळ (शालेय भूमिती)

प्रतलातील एका स्थिर बिंदूपासून समान अंतरावरील सर्व बिंदूंचा संच म्हणजे वर्तुळ. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या शाळांत इयत्ता दहावीच्या गणित भाग २ मध्ये हे प्रकरण अभ्यासिले जाते. उदाहरण सोडविताना प्रथम सुबक आकृती काढून पक्ष व साध्य लिहावे आणि स्पर्शबिंदूतून जाणारी त्रिज्या स्पर्शिकेस लंब असते, हे ध्यानी घेऊन ती अवश्य जोडावी. म्हणजे त्रिज्या ५ सेंमी. व बाह्यबिंदू केंद्रापासून १३ सेंमी. दूर असता, पायथागोरसच्या प्रमेयान्वये, स्पर्शिकाखंड १२ सेंमी. येतो. जीवेवर केंद्रातून टाकलेला लंब तिला दुभागतो. चक्रीय चौकोनाचे संमुख कोन परस्परपूरक असतात. प्रत्येक विधानासमोर कारण नमूद केल्यावाचून सिद्धता पूर्ण होत नाही.