‘कोणी केले?’ : गॉथिक मालिका आणि झाडीपट्टीतील प्रेक्षक

दूरचित्रवाणीवरील मालिका आणि तिच्याविषयी प्रेक्षक आपसांत जे बोलतात ते बोलणे, हे दोन्ही विषय मराठी समीक्षेने बहुधा दारातूनच परत पाठविले आहेत. मालिका ही संहिता म्हणून फुटकळ आणि तिच्यावरील चर्चा म्हणजे रिकामपणाचा उद्योग, असा आपला एक सोयीचा समज आहे. वाचककेंद्री समीक्षेची परिभाषा आपण वर्गात वर्षानुवर्षे शिकवितो, याऊसची ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना परीक्षेत हमखास विचारतो. पण ज्याचे क्षितिज तपासायचे तो वाचक किंवा प्रेक्षक मात्र पुस्तकातलाच राहतो. प्रस्तुत निबंधात चंद्रपूर व गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांतील प्रेक्षकांचे, विशेषतः माझ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे आणि त्यांच्या घरच्या मंडळींचे, एका मालिकेविषयीचे बोलणे विचारात घेतले आहे. ही मालिका म्हणजे २०१६ साली ‘झी मराठी’ वाहिनीवर सुरू झालेली ‘रात्रीस खेळ चाले’. हे सर्वेक्षण नव्हे. वर्गात, एस.टी.च्या प्रवासात आणि लग्नाच्या मांडवात कानावर आलेले व नंतर टिपून ठेवलेले हे बोलणे आहे आणि त्याच्या मर्यादा त्याला आहेतच.

‘गॉथिक’ हा शब्द साहित्यप्रकाराच्या नावात आला तो होरेस वॉल्पोलच्या ‘द कॅसल ऑफ ऑट्रँटो’ या कादंबरीच्या १७६५ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून. पहिली आवृत्ती १७६४ ची. जुनी वास्तू, तिचा वारसा, त्या वारशाच्या मुळाशी असलेले पूर्वजांचे पाप आणि ते भोगणारी पुढची पिढी, एवढे घटक तेव्हाच स्थिर झाले. मराठीत एकोणिसाव्या शतकातील ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ (१८६८) या कादंबऱ्यांना आपण अद्भुतरम्य म्हणतो. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या लेखनासाठी भयकथा, गूढकथा अशी नावे वापरतो. ‘गॉथिक’ असे वर्गीकरण आपण सहसा करीत नाही. तथापि १९७६ च्या ‘हा खेळ सावल्यांचा’ या चित्रपटाला दुसरे कोणते नाव द्यावे, हा प्रश्नच आहे. त्याच चित्रपटातील सुधीर मोघे यांच्या गीतावरून चाळीस वर्षांनंतर आपल्या मालिकेला नाव मिळाले. म्हणजे परंपरा होती, फक्त तिच्या नोंदी समीक्षेच्या वहीत नव्हत्या.

दैनंदिन मालिकेला गॉथिकाची जोड देण्याचा अभिजात प्रयोग अमेरिकेतला. ‘डार्क शॅडोज’ ही मालिका १९६६ ते १९७१ या काळात एबीसी वाहिनीवर दुपारी दाखविली जाई. तिचे १२२५ भाग झाले. समुद्रकाठचा कॉलिन्स घराण्याचा वाडा आणि तेथे नोकरीसाठी येणारी अनाथ तरुणी, अशी तिची सुरुवात साधीच होती. १९६७ मध्ये तीत बार्नबस कॉलिन्स हा रक्तपिपासू पूर्वज आला. तो थोड्या काळापुरता आणला होता. पण शाळा सुटताच घराकडे धावणाऱ्या मुलांनी आणि पत्रांचा पाऊस पाडणाऱ्या प्रेक्षकांनी त्याला जाऊ दिले नाही. पाहता पाहता राक्षसाचा नायक झाला. चाहत्यांचे बोलणे संहितेच्या आत शिरते, लेखकाचा हात धरते, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

अण्णा नाईकांचे मराठीत जवळजवळ तेच झाले. पहिल्या पर्वात त्यांच्या मृत्यूच्या निमित्ताने कोकणातील वाड्यात कुटुंब गोळा होते आणि एकामागून एक अघटित घडू लागते. २०१९ मध्ये सुरू झालेले दुसरे पर्व मात्र काळाने मागे गेले. मेलेला माणूस जिवंत होऊन मध्यभागी आला. माधव अभ्यंकरांचा अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरांची शेवंता ही दोन पात्रे घराघरांत बोलली जाऊ लागली. दरम्यान कोकणातून या मालिकेवर आक्षेप घेतले गेले होते : तिच्यामुळे अंधश्रद्धा पसरते, कोकणाची बदनामी होते. हा वाद भूत आहे की नाही, त्यावर विश्वास ठेवावा की नाही, एवढ्याच प्रश्नाभोवती फिरत राहिला. मला तो प्रश्नच अपुरा वाटतो. का, ते सांगण्यासाठी वैनगंगेकडे यावे लागेल.

झाडीपट्टीतील प्रेक्षकाने मालिकेतला वाडा कसा वाचला? ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही या धानपट्ट्यातील विद्यार्थ्यांना तो परका वाटला नाही. त्यांच्या लेखी तो मालगुजाराचा वाडा होता. मध्यप्रांतातील मालगुजारी १९५१ साली संपली. पण गावोगावचे तलाव अजूनही माजी मालगुजारी तलाव, म्हणजे ‘मामा तलाव’, याच नावाने ओळखले जातात. जमीन कोणाची, पाणी कोणी अडविले, वाड्यावर कामाला जाणाऱ्या बाईचे पुढे काय झाले, या गोष्टी तेथे दंतकथा नाहीत, आजीच्या आठवणी आहेत. त्यामुळे अण्णांच्या अनौरस नात्यांची चर्चा आमच्याकडे रंगली ती शृंगार म्हणून कमी आणि हिशेब म्हणून अधिक. इएन अँगने ‘डॅलस’ या मालिकेच्या प्रेक्षकांची अवघी ४२ पत्रे अभ्यासून ‘भावनिक वास्तवते’ची कल्पना मांडली होती. कथेचा तपशील अविश्वसनीय असला तरी तिचा भावव्यवहार प्रेक्षकाला खरा वाटतो, असा तिचा आशय. येथे मात्र तपशीलच खरा वाटत होता. परकी होती ती समुद्राची गाज आणि मालवणी.

याउलट एटापल्ली, भामरागडकडील माडिया मुलांना वाड्याचे काहीच वाटले नाही. गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे सत्तर टक्के भूभाग जंगलाचा. भीती कशाची वाटते असे विचारले तर उत्तर येते वाघाचे, अस्वलाचे, पहाटे मोह वेचायला गेलेल्या आणि परत न आलेल्या माणसाचे. तिला बंद दार लागत नाही. चंद्रपूर शहराला तर गोंड राजांचा कोट आहे, जटपुरा, पठाणपुरा असे दरवाजे आहेत, राणी हिराईने बिरशहासाठी बांधलेली समाधी आहे. गॉथिक कादंबरीकाराला आणखी काय हवे? तरीही या अवशेषांभोवती गॉथिक कथा उभी राहिल्याचे मला आढळले नाही. पडक्या भिंती पुरत नाहीत, त्या भिंतींत राहणारा आणि अपराधाने पोखरलेला वारसही लागतो.

आता मूळ मुद्दा. पहिल्या पर्वाच्या काळात माझ्या वर्गात त्सवेतान तोदोरोव्ह चालू होता. ‘अद्भुता’विषयीचे त्याचे १९७० चे विवेचन परिचित आहे : घटनेचा उलगडा नैसर्गिक कारणाने करावा की अतिनैसर्गिक, या दोहोंमध्ये वाचक जोवर अडकलेला असतो तोवरच अद्भुताचे अस्तित्व. मी विचारले, मालिकेत जे घडते ते भुताचे की माणसाचे? वर्गात उत्साहाने दोन तट पडतील अशी माझी अपेक्षा होती. तसे झाले नाही. एका विद्यार्थिनीने सरळ विचारले, “पन ते कोनं केलं?” आणि बाकीचे तिच्याच मागे गेले. भूत असो वा नसो, ते कोणीतरी लावलेले असणार. भूत हे उत्तर नव्हतेच, ते केवळ साधन होते.

या एका प्रश्नाने तोदोरोव्हची मांडणी आडवी झाली असे मी म्हणणार नाही. पण तिच्यातील एक गृहीतक उघडे पडले. अॅन रॅडक्लिफच्या ‘द मिस्टरीज ऑफ युडोल्फो’पासून (१७९४) गॉथिकाची एक शाखा भुताचा उलगडा शेवटी लौकिक कारणांनी करीत आली. पडद्यामागचा आवाज, गुप्त दार, मालमत्तेवर डोळा ठेवून भीती पसरविणारा नातलग. समीक्षा या शेवटाला विवेकाचा विजय मानते. आपल्याकडेही भुताच्या जागी कारस्थानी माणूस निघाला की कथा पुरोगामी ठरते. परंतु ज्या गावात जनावर मेले, मूल तापाने फणफणले, धान करपले की त्यामागचा माणूस शोधला जातो, तेथे ‘भुतामागे माणूस आहे’ हे वाक्य अंधश्रद्धेचे खंडन करीत नाही. ते तिचेच विधान आहे. करणीच्या संशयाचे व्याकरण आणि उकल करणाऱ्या गॉथिकाचे व्याकरण एकच : प्रत्येक क्रियापदाला कर्ता हवा.

इव्हान्स-प्रिचर्डने आझांदे जमातीविषयीच्या १९३७ च्या ग्रंथात धान्याच्या कोठाराचे उदाहरण दिले आहे. खांब वाळवीने खाल्ले म्हणून कोठार पडते, हे आझांदे माणसाला ठाऊक असते. त्याला कळत नसते ते एवढेच की नेमका तो माणूस त्याखाली बसलेला असतानाच ते का पडावे. चेटूक या उरलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. आपण त्या जागी ‘योगायोग’ म्हणतो आणि पुढे जातो. दैनंदिन मालिकेला मात्र योगायोग परवडत नाही. तीत विहिरीत पडलेली माणसे घसरून पडलेली नसतात, आणि रात्री वाजलेले दार वाऱ्याने वाजले असे निघाले तर दुसऱ्या दिवशी प्रेक्षक कशासाठी येणार? कारण आहे पण करणारा कोणी नाही, हा तिसरा पर्याय या प्रकारच्या कथनात बसतच नाही. मालिकेचा दोष शोधायचाच असेल तर तो तिने भूत दाखविले यात नाही, तिने अपघात दाखविला नाही यात आहे.

झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला नाटकाची एक वेगळी शिस्त आहे, हे येथे सांगितले पाहिजे. दिवाळीनंतर मंडई सुरू झाली की वडसा (देसाईगंज) येथील नाटक मंडळ्या गावोगाव निघतात. रात्री उशिरा सुरू झालेले नाटक उजाडेपर्यंत चालते. दंडार, खडी गंमत यांच्या शेजारी वाढलेली ही रंगभूमी आहे, तिच्यातील डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. मी पाहिलेल्या बहुतेक नाटकांत खलनायक पहिल्या अंकातच कळतो. संशय असतो तो रंगमंचावरील पात्रांच्या मनात. प्रेक्षक सर्व जाणून असतो, म्हणून ओरडतो, हळहळतो, शिव्याही देतो. आणि सकाळी तोच खलनायक चेहऱ्याचा रंग पुसून टपरीवर चहा घेताना दिसतो. शत्रू ओळखण्याचे काम प्रेक्षकाकडे सोपविलेलेच नसते. दुसरे पर्व आमच्याकडे पहिल्यापेक्षा मोकळेपणाने बोलले गेले, याचे कारण मला येथे दिसते. अण्णा वाईट आहे हे आधीच ठरलेले होते. ‘कोणी केले’ हा प्रश्न मिटला होता आणि बोलणे माईच्या सोसण्याकडे, शेवंतेच्या चुकांकडे, अण्णाच्या माजाकडे वळले. घरातल्या वडीलधाऱ्या बायाही त्यात उतरल्या; पहिल्या पर्वाच्या वेळी त्या गप्प असत. गॉथिकाची मालिका झाडीपट्टीच्या नाटकाजवळ आली होती, हे मुंबईतल्या लेखकांना ठाऊक असण्याचे कारण नाही.

मार्च २०२१ मध्ये सुरू झालेले तिसरे पर्व खंडानंतर ऑगस्ट २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाले. त्याच महिन्यात, २१ तारखेला, चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यातील वणी (खुर्द) येथे भानामतीच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना भर गावात खांबांना बांधून मारण्यात आले. मे २०२४ च्या आरंभी गडचिरोलीतील बारसेवाडा (ता. एटापल्ली) येथे एका स्त्रीला आणि एका पुरुषाला जादूटोण्याच्या संशयावरून मारहाण करून जाळण्यात आले. या घटनांचा मालिकेशी कार्यकारणसंबंध जोडणे हा निव्वळ आततायीपणा होईल. असे बळी दूरचित्रवाणीहून कितीतरी जुने आहेत; आणि मालिकेवर खापर फोडायचे म्हणजे पुन्हा ‘कोणी केले’ या प्रश्नाला घाईघाईने एक नाव पुरविणेच. संबंध आहे तो वाचनाचा. एकाच प्रश्नाची किंमत दोन ठिकाणी वेगळी असते. दिवाणखान्यात तो प्रश्न रात्री साडेदहाची करमणूक असतो. पाड्यावर त्या प्रश्नाला घर क्रमांक असतो.

नरेंद्र दाभोलकरांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर आधी अध्यादेश आणि डिसेंबरात कायदा आला. त्याच्या अनुसूचीत एक कलम असे आहे की, अमुक व्यक्ती करणी करते, काळी जादू करते, भूत लावते, मंत्रतंत्राने गाईचे दूध आटविते, असे भासवून तिच्याविषयी संशय निर्माण करणे व तिचे जगणे कठीण करणे हाच गुन्हा होय. भूत आहे की नाही या वादात हे कलम पडत नाही. ते कर्ता नेमण्याच्या क्रियेलाच हात घालते. माझ्या मते मराठीतील गॉथिकाची सर्वांत नेमकी समीक्षा या कलमात आहे, आणि ती साहित्याच्या अभ्यासकाने लिहिलेली नाही.

वणीची बातमी आली तेव्हा महाविद्यालये बंद होती. तास मोबाइलवर चालत आणि नेटवर्कसाठी मुले घराबाहेर झाडाखाली बसत. त्या दिवशी मी मालिकेचा विषय मुद्दाम काढला. पहिल्या पर्वात रोज नवा गुन्हेगार शोधून आणणाऱ्यांपैकी कोणी बोलेना. जिवतीच्या बाजूचा एक मुलगा तेवढा म्हणाला, “मालिकेत शेवटी कळतं तरी, सर.” पुढे आवाज तुटला. पुढच्या सत्रापासून मी वर्गात तोदोरोव्हच्या आधी कोठाराचे उदाहरण शिकवू लागलो.