कर्ज विभागातील लिपिकाचे वेतन : काम एक, मोबदला अनेक

कर्ज मंजूर करण्याचा अधिकार शाखा व्यवस्थापकाचा असतो. पण अर्ज त्याच्या टेबलापर्यंत नेण्याचे काम लिपिकाचे असते. अर्जदाराची ओळखपत्रे व उत्पन्नाचे दाखले पाहणे, महाराष्ट्रात शेतीकर्ज असेल तर सातबारा आणि आठ-अ उतारा ताडून पाहणे, पत अहवाल मागवणे, तारणाची नोंद करणे, हप्त्यांचा हिशेब ठेवणे आणि थकबाकीच्या नोटिसा तयार करणे ही सर्व कामे त्याच्या टेबलावरून होतात. विनातारण कर्जात साधारणतः तीन वर्षांच्या आत कर्जदाराची लेखी कबुली घेतली नाही, तर वसुलीचा दावा मुदतबाह्य ठरू शकतो. ती तारीख ध्यानात ठेवणारा माणूसही बहुधा लिपिकच असतो.

हे काम राष्ट्रीयीकृत बँकेत चालते, वित्त कंपनीत चालते आणि गावच्या विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्थेतही चालते. कामाचे स्वरूप मिळतेजुळते असले, तरी त्याचे मोल मात्र सर्वत्र सारखे नाही. लिपिकाचे वेतन त्याच्या कामापेक्षा तो कोणाकडे काम करतो आणि त्याच्यामागे वेतनकरार आहे किंवा नाही, यावर अधिक अवलंबून असते.

सरकारी बँकेतील वेतनश्रेणी

सार्वजनिक क्षेत्रातील बँकांत कर्ज विभागासाठी वेगळी वेतनश्रेणी नाही. रोख स्वीकारणारा, ठेवींचे काम पाहणारा आणि कर्जाची कागदपत्रे हाताळणारा लिपिक एकाच श्रेणीत असतो व त्याची एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर बदली होऊ शकते. ८ मार्च २०२४ रोजी झालेला बारावा द्विपक्षीय करार १ नोव्हेंबर २०२२ पासून लागू करण्यात आला. त्यानुसार लिपिकाचे मूळ वेतन २४,०५० रुपयांपासून सुरू होते आणि वार्षिक वेतनवाढींनी ६४,४८० रुपयांपर्यंत जाते. वेतनवाढ पहिली तीन वर्षे १,३४० रुपयांची, त्यापुढील तीन वर्षे १,६५० रुपयांची, नंतरची चार वर्षे २,००० रुपयांची आणि त्यापुढील सात वर्षे २,३४० रुपयांची असते. अखेरच्या दोन वेतनवाढी अनुक्रमे ४,४०० आणि २,६८० रुपयांच्या आहेत. कमाल टप्पा गाठल्यानंतर ठरावीक अंतराने कुंठित वेतनवाढी मिळतात.

मूळ वेतनावर विशेष भत्ता, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता आणि वाहतूक भत्ता मिळतो. महागाई भत्ता औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाशी जोडलेला असून फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर असा दर तिमाहीस बदलतो. भारतीय स्टेट बँकेने डिसेंबर २०२४ मधील भरतीच्या जाहिरातीत पदवीधर उमेदवारास सुरुवातीचे मूळ वेतन २६,७३० रुपये आणि मुंबईसारख्या महानगरात भत्त्यांसह एकूण वेतन दरमहा सुमारे ४६,००० रुपये असल्याचे नमूद केले होते.

निवाड्यापासून करारापर्यंत

ही श्रेणी सहज मिळालेली नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात बँक कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा वाद औद्योगिक न्यायाधिकरणांपुढे चालला. १९५३ च्या शास्त्री निवाड्याने बँकांचे वर्ग पाडले, शहरांचेही वर्ग पाडले आणि त्यांनुसार वेतन ठरवले. त्यामुळे मोठ्या बँकेतील, मोठ्या शहरातील लिपिकास जास्त आणि लहान बँकेतील, लहान गावातील लिपिकास कमी वेतन मिळत असे. पुढे अपिलात झालेल्या निर्णयात केंद्र सरकारने फेरबदल केले. त्याच प्रश्नावर तत्कालीन केंद्रीय श्रममंत्री व्ही. व्ही. गिरी यांनी १९५४ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. हेच गिरी पुढे देशाचे राष्ट्रपती झाले.

त्यानंतर नेमलेल्या बँक निवाडा आयोगाचे काम न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या निधनामुळे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्याकडे आले आणि आयोगाच्या शिफारशींच्या आधारे १९५५ मध्ये कायदा करण्यात आला. १९६२ मध्ये देसाई निवाडा आला. १९ ऑक्टोबर १९६६ रोजी बँक मालकांची संघटना असलेली इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यात पहिला द्विपक्षीय करार झाला. तेव्हापासून लिपिकांचे वेतन वाटाघाटींनी ठरते.

या पद्धतीत विलंबाचा दोष आहे. अकरावा करार १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू असला, तरी त्यावर सह्या झाल्या त्या ११ नोव्हेंबर २०२० रोजी. थकबाकी मिळते हे खरे. तथापि मधल्या काळात घरखर्च जुन्या वेतनावरच चालवावा लागतो.

एकाच श्रेणीत फरक कशामुळे

सेवाकाल सारखा असलेल्या दोन लिपिकांच्या वेतनातही फरक असू शकतो. पहिले कारण शिक्षण हे होय. पदवीधरास दोन आगाऊ वेतनवाढी मिळतात; वर उल्लेखिलेले २६,७३० रुपये त्यामुळेच येतात. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स या संस्थेच्या जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या परीक्षा उत्तीर्ण झाल्यासही वेतनवाढी मिळतात. कर्ज विभागात काम करणाऱ्यास या अभ्यासाचा दुहेरी लाभ होतो; वेतन वाढते आणि अधिकारीपदाच्या पदोन्नतीची तयारीही होते.

जादा जबाबदारीच्या काही कामांसाठी विशेष वेतन मिळते. निवृत्तीनंतरच्या लाभांत रुजू होण्याची तारीख निर्णायक ठरते. १ एप्रिल २०१० रोजी किंवा त्यानंतर सरकारी बँकेत रुजू झालेल्यांना जुने निवृत्तिवेतन नसून राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली लागू आहे. तिच्यातील बँकेचा वाटा अकराव्या करारात १४ टक्के करण्यात आला.

त्याच कराराने सरकारी बँकांत कामगिरीशी निगडित प्रोत्साहनही आणले. बँकेचा कार्यकारी नफा वर्षभरात ५ ते १० टक्क्यांनी वाढल्यास पाच दिवसांचे, १० ते १५ टक्क्यांनी वाढल्यास दहा दिवसांचे आणि त्याहून अधिक वाढल्यास पंधरा दिवसांचे वेतन देण्याची ही तरतूद आहे. हे प्रोत्साहन संपूर्ण बँकेच्या नफ्यावर ठरते. एखाद्या लिपिकाच्या हातून किती कर्जप्रकरणे मार्गी लागली, यावर नाही. त्यामुळे अपुरी कागदपत्रे असलेला अर्ज परत पाठवणाऱ्या लिपिकाचे वेतन कमी होत नाही.

प्रादेशिक ग्रामीण बँका

ग्रामीण बँकांची सुरुवात २ ऑक्टोबर १९७५ रोजी झाली. ग्रामीण भागासाठी कमी खर्चाची बँक ही कल्पना त्यामागे होती आणि कर्मचाऱ्यांचे वेतनही त्या बेताचेच ठेवण्यात आले. कर्मचाऱ्यांनी त्याविरुद्ध दाद मागितली. न्यायमूर्ती ओबुल रेड्डी यांच्या राष्ट्रीय औद्योगिक न्यायाधिकरणाने १९९० मध्ये पुरस्कर्त्या बँकेच्या कर्मचाऱ्यांशी वेतनसाम्य मान्य केले. गावातील शाखेत बसतो म्हणून कर्मचाऱ्याचे मोल कमी ठरत नाही, हे तत्त्व या निवाड्याने प्रस्थापित केले.

कराराच्या कक्षेबाहेर

१९९३ नंतर स्थापन झालेल्या नव्या पिढीतील खासगी बँका आणि बिगरबँकिंग वित्त कंपन्या या कराराच्या कक्षेबाहेर आहेत. तेथे प्रारंभीच्या पदालाही बहुधा ‘अधिकारी’ असे नाव असते. नाव मोठे असले, तरी वेतन वैयक्तिक नियुक्तिपत्रानुसार ठरते आणि सामुदायिक वाटाघाटींचा आधार राहत नाही. अनेक ठिकाणी वेतनाचा एक भाग कर्जवाटप आणि वसुली यांच्या उद्दिष्टांशी जोडलेला असतो.

या पद्धतीचे परिणाम केवळ कर्मचाऱ्यापुरते मर्यादित राहत नाहीत. आंध्र प्रदेशात सूक्ष्म वित्त संस्थांची एकावर एक कर्जे आणि वसुलीची सक्ती यांविषयी तक्रारी वाढल्या, तेव्हा राज्य सरकारला ऑक्टोबर २०१० मध्ये अध्यादेश काढावा लागला. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या वाय. एच. मालेगाम समितीने जानेवारी २०११ मध्ये अहवाल दिला. त्यानंतर सूक्ष्म वित्त कंपन्यांसाठी आलेल्या उचित व्यवहार संहितेत कर्मचाऱ्यांच्या मोबदल्याचाही विचार झाला. कर्जांची संख्या आणि वसुलीचे प्रमाण यांपेक्षा सेवा व कर्जदाराचे समाधान यांना मोबदल्यात अधिक महत्त्व द्यावे, असे तिच्यात म्हटले होते. कर्ज देणाऱ्याचे वेतन कसे ठरते, याचा कर्ज घेणाऱ्याच्या हिताशी थेट संबंध आहे, हे यातून अधोरेखित झाले.

गावची सोसायटी आणि गटसचिव

महाराष्ट्रात वीस हजारांहून अधिक प्राथमिक कृषी पतसंस्था आहेत. त्यांचे दप्तर सांभाळणारा गटसचिव अनेकदा एकाहून अधिक संस्थांचे काम पाहतो. सभासदाची जमीन, पीक आणि पत यांची त्याला असलेली माहिती शहरातील कोणत्याही लिपिकापेक्षा अधिक असते. मात्र त्याच्या वेतनासाठी लागणारा पैसा प्रामुख्याने संस्थांच्या उत्पन्नातून येतो आणि संस्थेचे उत्पन्न म्हणजे मुख्यतः जिल्हा बँकेचा व्याजदर आणि सभासदाकडून मिळणारे व्याज यांतील अल्प फरक होय.

पाऊस हुलकावणी देतो, वसुली घटते आणि संस्थेचे उत्पन्न आटते. कर्जमाफीची चर्चा सुरू झाली, की परतफेड थांबते. २००८, २०१७ आणि २०१९ मधील कर्जमाफी योजनांच्या वेळी पात्र खातेदारांच्या याद्या तयार करण्याचा भार याच यंत्रणेवर पडला. म्हणजे काम वाढले त्याच काळात वेतनाचा स्रोत मात्र आटलेला होता. जून २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील ६३,००० प्राथमिक पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांच्या योजनेस मंजुरी दिली. दप्तर संगणकावर आल्याने हिशेबातील पारदर्शकता वाढेल. परंतु सचिवाचे वेतन वसुलीवर अवलंबून असण्याचा मूळ प्रश्न त्याने सुटत नाही.

नोकरी स्वीकारताना

एकूण रकमेपेक्षा तिचे घटक पाहणे हिताचे ठरते. मूळ वेतन किती, महागाई भत्ता निर्देशांकाशी जोडलेला आहे काय, उद्दिष्ट न गाठल्यास किती रक्कम कमी होते आणि भविष्यनिर्वाह निधी कोणत्या रकमेवर कापला जातो, हे प्रश्न आधीच विचारावेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेनुसार वगळण्याजोगे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. मूळ वेतन नाममात्र ठेवून भत्ते फुगवण्याच्या प्रथेला त्यामुळे आळा बसू शकतो.

कर्जाची कागदपत्रे तपासणाऱ्या माणसाला नाही म्हणता आले पाहिजे. ज्याचे वेतन प्रत्येक होकारावर वाढते किंवा प्रत्येक थकबाकीने अडते, त्याला ते कठीण जाते. निश्चित आणि वेळेवर मिळणारे वेतन ही म्हणूनच लिपिकाच्या सोयीपुरती बाब नाही. ठेवीदार आणि कर्जदार या दोघांच्याही सुरक्षिततेचा तो भाग आहे.