नाणेघाटातला मुक्काम

ऐतिहासिक हॉटेल म्हटले की मुंबईतले 1871चे वॉटसन आणि 1903चे ताजमहाल आठवते, आणि प्रवाशाच्या निवाऱ्याचा आपला इतिहास जणू तिथूनच सुरू होतो. लोणी-मंचरपासून जुन्नरच्या घाटमाथ्यापर्यंतच्या मुलखात तरी हा समज टिकू नये. कोकणातून जुन्नरला चढणाऱ्या नाणेघाटाच्या तोंडाशी सातवाहनांनी दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेले लेणे आहे. त्यात स्तूप नाही, भिक्षूंच्या कोठड्याही नाहीत. आहे तो एका मोकळ्या चौकोनी दालनाचा आसरा, भिंतींलगत बसायचे कट्टे आणि जवळपास पाण्याची टाकी. कल्याण-सोपाऱ्याकडून माल घेऊन घाट चढलेल्या तांड्यापुढे जुन्नर अजून सुमारे तीस किलोमीटर उरलेले असे. थकलेली माणसे आणि जनावरे यांना नेमके इथेच थांबणे भाग होते. म्हणून हे लेणे आधी मुक्कामाची जागा होती आणि राजाचे स्मारक नंतर, असे माझे मत आहे.

यावर पहिला आक्षेप भक्कम आहे. भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा प्रदीर्घ लेख आहे. अश्वमेधासारखे यज्ञ आणि गाई, हत्ती, कार्षापण नाण्यांच्या दक्षिणा त्यात नोंदवल्या आहेत. मागच्या भिंतीवर सिमुक आणि सातकर्णी हे राजे, नागनिका यांच्या मूर्ती होत्या. आता त्यांची नावे आणि पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. मग हे राजघराण्याचे प्रतिमागृहच नाही का? पण प्रतिमागृहच हवे होते तर ते राजधानीत, पैठणला शोभले असते. इतका खर्च आडरानातल्या खिंडीत करण्याचे कारण एकच दिसते: देशोदेशीची माणसे इथे थांबत, बसत, आणि राजाची कीर्ती पुढच्या बंदरापर्यंत नेत. निवारा होता म्हणून लेखाला वाचक मिळाला. घाटातला जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण मात्र मी पुरावा मानत नाही. ती परंपरेने सांगितलेली गोष्ट आहे. टाक्यांचा पुरावा त्याहून मोलाचा वाटतो.

दुसरा आक्षेप असा की जुन्नरभोवतीची लेणी बौद्ध भिक्षुसंघासाठी होती, वाटसरूंसाठी नव्हे. बहुतेकांबाबत हे मान्यच करायला हवे. शिवनेरीवर चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप संघाला दिल्याचे लेखातच स्पष्ट आहे. पण त्याच काळात वाटसरूंच्या सोयीचा वेगळा विचार होत होता, हे नाशिकच्या पांडवलेण्यातला उषवदाताचा लेख सांगतो. क्षत्रप राजा नहपानाच्या या जावयाने भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा या गावांत चौसोपी विश्रामगृहे बांधली, विहिरी-तळी खोदली, दमण, तापी यांसारख्या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. म्हणजे ऐन शहरात उतरायची सोय तेव्हाही होती. ती चालायची कशी, याचा अंदाजही त्याच लेण्यातून येतो: भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि इतर खर्चासाठी त्याने गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे 3,000 कार्षापण ठेवले, त्यातल्या 2,000वर दरमहा शेकडा एक आणि 1,000वर पाऊण असे व्याज ठरले. मुद्दल शाबूत राहावे आणि सेवा चालत राहावी, ही ती रीत. वॉटसन आणि ताजमहालात पाहुणा आपल्या खोलीचे पैसे मोजत होता. सोपाऱ्यात त्याच्या छपराचा भार कोणी दाता आधीच उचलून गेलेला असे. नाणेघाटात तो दाता राजघराणे होते, आणि त्याने बदल्यात मागितले ते आपली नावे वाचली जाणे.