शेअर्ड वाय-फायवरचा बॅकअप सुरक्षित कसा ठेवायचा?

फोनचं स्टोरेज भरलं की आपण फोटो, चॅट आणि कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करतो. फ्लॅटमध्ये चार-पाच जण राहत असतील तर त्यासाठी एक सोपा जुगाड असतो: राउटरच्या यूएसबी पोर्टला हार्ड डिस्क लावायची किंवा कोणाच्या तरी लॅपटॉपवरचा फोल्डर शेअर करायचा. मग सगळ्यांचा बॅकअप वाय-फायवरून तिथे जातो.

पण त्याच वाय-फायवर रूममेटचे मित्र आणि पाहुणेही असतात. फोनला फिंगरप्रिंट लॉक आहे, आणि त्याच फोनचा बॅकअप मात्र सताड उघडा! आधार-पॅनचे फोटो, बँक स्टेटमेंट, खाजगी चॅट असं सगळं त्यात एकाच जागी सापडतं. म्हणून तीन प्रश्न विचारायचे: बॅकअप कोण उघडू शकतं? उघडला तर वाचता येतो का? आणि तो कोण पुसू शकतं?

१. कोण उघडू शकतं?

विंडोज लॅपटॉपवर बॅकअपसाठी वेगळा यूजर बनवा आणि त्याला चांगला लांब पासवर्ड द्या. शेअर केलेल्या फोल्डरच्या परमिशनमध्ये 'एव्हरीवन' हे नाव असेल तर ते काढा आणि फक्त या यूजरला ठेवा. 'सिक्युरिटी' टॅबमधली यादीही तपासा. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही ठिकाणचे नियम लागू होतात आणि त्यातला जो कडक असेल तो चालतो.

शेअरच्या नावापुढे डॉलरचं चिन्ह लावलं की ते यादीत दिसत नाही. पण हे फक्त लपवणं झालं, कुलूप नाही. नाव माहीत असलेला माणूस पत्ता टाईप करून तिथे पोहोचतो. परमिशन नसेल तरच तो अडतो.

डिस्क राउटरला असेल तर पासवर्डशिवाय मिळणारा ॲक्सेस बंद करा आणि राउटरचा मूळ ॲडमिन पासवर्ड बदला. पाहुण्यांना गेस्ट नेटवर्क द्या. गेस्टना घरातली बाकीची डिव्हाइस दिसू देणारं सेटिंग बंद आहे ना, तेही बघा.

घराबाहेरून फाइल उघडायची सोय गरज नसेल तर नकोच. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'माय बुक लाइव्ह' या इंटरनेटला जोडलेल्या डिस्क हल्लेखोरांनी दुरून फॅक्टरी रीसेट केल्या आणि अनेकांचा डेटा गेला. त्या मॉडेलला २०१५ नंतर अपडेट मिळालेच नव्हते.

२. उघडला तर वाचता येतो का?

लॅपटॉप ज्याचा आहे तो ॲडमिन असतो. तुम्ही लावलेली परमिशन तो बदलू शकतो. इथे उपयोगी पडतं एन्क्रिप्शन, आणि ते फाइल पाठवण्याआधी आपल्याच डिव्हाइसवर करायचं.

• कॉम्प्युटरवर सेव्हन-झिप हे मोफत ॲप वापरा. त्यात सेव्हन-झेड फॉरमॅट निवडा, पासवर्ड द्या आणि फाइलची नावंही एन्क्रिप्ट करण्याच्या पर्यायावर टिक करा. नाहीतर आतला मजकूर लपतो, पण नावं दिसतात.
• आयफोनचा बॅकअप कॉम्प्युटरवर घेताना 'एन्क्रिप्ट लोकल बॅकअप' चालू करा.
• व्हॉट्सॲपच्या चॅट बॅकअप सेटिंगमध्ये एंड-टू-एंड एन्क्रिप्शन चालू केलं की क्लाउडमधला बॅकअपही एन्क्रिप्ट होतो.

एक इशारा: हे पासवर्ड विसरलात तर कंपनीही ते बॅकअप उघडून देऊ शकत नाही. पासवर्ड मॅनेजरमध्ये किंवा कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवा, त्याच शेअर्ड फोल्डरमध्ये नको!

पूर्ण डिस्क बिटलॉकरने लॉक केली असेल तर डिस्क चोरीला गेल्यावर फायदा होतो. पण डिस्क अनलॉक होऊन शेअर झाली की नेटवर्कवरच्यांना फाइल नेहमीसारख्याच दिसतात.

३. कोण पुसू शकतं?

फाइल वाचता आली नाही तरी डिलीट करता येते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या त्रुटीतून एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर पसरलं. अशा वेळी पासवर्ड सेव्ह करून कायम जोडलेला बॅकअप फोल्डरही सापडतो. म्हणून रोजच्या यूजरला त्या फोल्डरवर फक्त वाचायची परवानगी द्या, आणि बॅकअपचा यूजर बॅकअपपुरताच वापरा.

शिवाय ३-२-१ चा नियम पाळा: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. एक प्रत कॉपी झाल्यावर काढून ठेवलेल्या डिस्कवर असली की उत्तम.

आता तपासा

मित्राचा फोन त्याच वाय-फायला जोडा आणि फाइल मॅनेजरच्या नेटवर्क विभागातून तुमचा फोल्डर पासवर्डशिवाय उघडतो का ते बघा. उघडला, तर पहिल्या मुद्द्यापासून पुन्हा सुरुवात करा. नाही उघडला, तर बॅकअपमधला एखादा फोटो परत मिळवून पाहा. जो बॅकअप परत आणता येत नाही, तो सुरक्षित असून उपयोग काय?