प्रीएक्लॅम्पसियाचा आगाऊ अंदाज: आठव्या महिन्याकडून तिसऱ्या महिन्याकडे

गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब चढतो, बहुधा लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, कधी यकृत, मूत्रपिंडे आणि मेंदूही कचाट्यात सापडतात, हा प्रीएक्लॅम्पसिया. झटके आले की त्याचा एक्लॅम्पसिया होतो. वैद्यांच्या नजरेत आधी भरले ते झटकेच. सतराव्या शतकात पॅरिसचे प्रसूतितज्ज्ञ फ्रांस्वा मोरिसो यांनी पहिलटकरणींना हा धोका अधिक असल्याचे नोंदवले. धोका ओळखण्याची ही जुनी खूण आजही खरी ठरते.

लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील जॉन लीव्हर यांना झटके आलेल्या बायकांच्या अंगावरची सूज मूत्रपिंडाच्या रोग्यांसारखी वाटली. 1843 मध्ये त्यांनी अशा बायकांची लघवी तपासली, तेव्हा तीत अल्ब्युमिन हे प्रथिन सापडले. मग त्यांनी पन्नासहून अधिक इतर बाळंतिणींची लघवीही पाहिली. झटके आलेल्या किंवा त्यांची पूर्वलक्षणे दिसणाऱ्या बायका सोडल्या, तर कोणातही अल्ब्युमिन नव्हते. झटक्यांच्या आधीच काही कळू शकते, हे या साध्या तुलनेने दाखवले. 1896 मध्ये इटलीत रिव्हा-रोच्ची यांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे साधन पुढे आणले आणि वर्षभरातच फ्रान्समध्ये एक्लॅम्पसियाच्या रुग्णांचा वाढलेला रक्तदाब नोंदला गेला.

लघवी आणि रक्तदाब या दोन मोजमापांभोवती गर्भवतींची तपासणी उभी राहिली. ब्रिटनच्या आरोग्य मंत्रालयाने 1929 मध्ये तिचे वेळापत्रक आखले: सोळावा, चोविसावा व अठ्ठाविसावा आठवडा, पुढे छत्तिसाव्यापर्यंत दर पंधरवड्याला आणि नंतर दर आठवड्याला. बहुतेक भेटी शेवटच्या तीन महिन्यांत, कारण लक्षणे तेव्हाच दिसत. या भेटींनी असंख्य बायका वाचल्या, हे विसरता येत नाही. तरीही तो अंदाज नव्हता. सुरू झालेला आजार लवकर पकडणे, एवढेच होते.

आजाराचे मूळ बरेच आधीचे निघाले. 1960 आणि 70 च्या दशकांत ब्रोसेन्स, रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी वारेखालच्या रक्तवाहिन्या अभ्यासल्या. निरोगी गर्भारपणात त्या पूर्वार्धातच रुंदावतात; प्रीएक्लॅम्पसियात पुष्कळदा अरुंदच राहतात. 1973 मध्ये अमेरिकेत नॉर्मन गँट यांनी रक्तदाब चढवणारे अँजिओटेन्सिन शिरेतून देऊन पाहिले. पुढे ज्यांचा रक्तदाब चढणार होता, त्यांची या द्रव्याला दाद न देण्याची शक्ती कित्येक आठवडे आधीच घटलेली होती. शोध मोलाचा, पण चाचणी दवाखान्यात रोज करण्याजोगी नव्हती. तिच्या जागी आली कुशीवरून पाठीवर वळवून रक्तदाब मोजण्याची सोपी पद्धत. तिचे निष्कर्ष मात्र भरवशाचे निघाले नाहीत. 1983 मध्ये लंडनच्या स्टुअर्ट कॅम्पबेल यांनी डॉप्लर या ध्वनिलहरींच्या तपासणीने गर्भाशयाकडे जाणारा रक्तप्रवाह पाहण्याचा मार्ग दाखवला.

आता आधी कळून करायचे काय, हा खरा प्रश्न होता. फ्रान्समधील 1985 च्या छोट्या चाचणीने अ‍ॅस्पिरिनबद्दल आशा जागवली. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 9,364 स्त्रियांच्या ‘क्लास्प’ चाचणीने ती बरीच मावळवली. त्या चाचणीत 60 मिलिग्रॅमचा डोस होता आणि बाराव्यापासून बत्तिसाव्या आठवड्यापर्यंत कधीही सुरुवात झाली होती. वेळ आणि डोस यांचा विचार पुढे याच अनुभवातून वाढला.

दरम्यान 2003 मध्ये बोस्टनच्या अनंत करुमंची यांच्या गटाने वारेतून रक्तात अतिरेकाने उतरणारे एसएफएलटी-1 हे प्रथिन आजाराशी जोडले. ते ज्या वाढघटकांना निकामी करते, त्यांतला पीएलजीएफ आगाऊ अंदाजाच्या कामी आला. लंडनच्या किप्रोस निकोलाइड्स यांनी 2011 मध्ये तपासणीचे वेळापत्रकच उलटे करण्याची मांडणी केली: मुख्य तपासणी अकराव्या ते तेराव्या आठवड्यात. आईचा पूर्वेतिहास, रक्तदाब, डॉप्लर आणि पीएलजीएफ एकत्र जोडून प्रत्येकीचा धोका काढायचा. 2017 च्या ‘अ‍ॅस्प्री’ चाचणीत अशा रीतीने निवडलेल्या स्त्रियांना छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत रोज रात्री 150 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिले. सदतिसाव्या आठवड्याआधी प्रसूती करावी लागणारा प्रीएक्लॅम्पसिया त्यांच्यात 1.6 टक्के, तर औषधाविना 4.3 टक्के आढळला. पूर्ण दिवस भरल्यावर होणाऱ्या प्रीएक्लॅम्पसियात मात्र ठळक घट दिसली नाही, आणि तिसऱ्या महिन्यातली ही तपासणीही त्या प्रकाराचा अंदाज कमीच देते. त्यामुळे शेवटच्या महिन्यांतल्या रक्तदाबाच्या नोंदी आणि लघवीची तपासणी चालूच ठेवावी लागते.