समलिंगी विवाह : आशीर्वाद धम्माचा, नोंदणी राज्याची

समलिंगी विवाहाचा विषय निघाला की 'आपल्या धम्मात हे चालतं का?' असा प्रश्न हमखास येतो. सामाजिक काम करताना आम्ही तो अनेकदा ऐकला आहे. आमच्या मते इथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले जातात. मंगल विधी कसा करायचा, हा धर्माचा प्रश्न. वारसा, पेन्शन, दत्तक मूल यांवर हक्क कोणाचा, हा राज्याचा प्रश्न.

धम्माची भूमिका

सिगालोवाद सुत्तात पती-पत्नीची परस्परांविषयीची कर्तव्ये सांगितली आहेत, लग्नाचा विधी नाही. विनयानुसार तर भिक्खूने लग्न जुळवणे हा संघादिसेस दोष आहे. विवाह हा गृहस्थांचा व्यवहार आहे.

भारतातील कायदा

१८७२ च्या विशेष विवाह कायद्यात वधूवरांना 'आम्ही हिंदू, बौद्ध, मुस्लिम, ख्रिस्ती इत्यादी कोणत्याही धर्माचे नाही' असे लिहून द्यावे लागे. १९५४ च्या कायद्याने ही अट काढली. धर्म न सोडता, कोणत्याही धर्मविधीशिवाय लग्न करता येऊ लागले. मात्र त्यात वराचे वय २१ आणि वधूचे १८ अशी भाषा असल्याने समलिंगी जोडपी बाहेर राहतात. बौद्धांना लागू असलेला १९५५ चा हिंदू विवाह कायदाही वर-वधू हेच शब्द वापरतो.

२०१८ साली नवतेज जोहर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. त्या निकालाचा एक आधार संवैधानिक नैतिकता हा होता. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत हीच संकल्पना मांडली होती. पण १७ ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो निकालात पाचही न्यायमूर्तींनी विवाह हा मूलभूत हक्क नसल्याचे सांगितले. नागरी भागीदारीलाही तीन विरुद्ध दोन मतांनी मान्यता मिळाली नाही.

नागरी भागीदारी म्हणजे काय?

लग्न न म्हणता जोडप्याच्या नात्याची सरकारदरबारी केलेली नोंद. फ्रान्सने १९९९ मध्ये 'पॅक्स' करार आणला, पण त्यात दत्तक किंवा मृत्युपत्राशिवाय वारसा मिळत नव्हता. २०१३ मध्ये तिथे पूर्ण विवाह मान्य झाला. म्हणून या पर्यायाकडे आम्ही अर्धी पायरी म्हणून पाहतो. इंग्लंडच्या २०१३ च्या कायद्याने समलिंगी विवाह मान्य केला, पण तो लावण्याची सक्ती कोणत्याही धर्मसंस्थेवर केली नाही.

थायलंडचे उदाहरण

बहुसंख्य बौद्ध असलेल्या थायलंडमध्ये जानेवारी २०२५ पासून विवाह समानता कायदा लागू आहे. 'पुरुष-स्त्री' ऐवजी 'व्यक्ती' आणि 'पती-पत्नी' ऐवजी 'जोडीदार' असे शब्द आले. तिथे कायद्याने लग्न ठरते ते सरकारी कचेरीतील नोंदणीने, विहारातील विधीने नव्हे. त्यामुळे शब्द बदलायला संघाच्या परवानगीची गरज पडली नाही.

आज काय करता येते?

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने स्पष्ट केले की अशा जोडप्यांना संयुक्त बँक खाते उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कोणतीही बंदी नाही. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, म्हणून स्वकष्टार्जित मालमत्तेचे मृत्युपत्र करून ठेवावे, असे आम्ही सांगतो. मात्र कागद जमवून विवाहाचा दर्जा मिळत नाही. तो कायद्यानेच मिळेल. एखाद्या विहाराने आशीर्वाद द्यावा की न द्यावा, हे त्या विहाराने ठरवावे. पण त्याच्या नकाराचे कारण पुढे करून राज्याने नागरिकाचा हक्क अडवू नये.